रुपयाला एक तीर

मुन्नालाल लोहाराने तिराची किंमत सांगितली तेव्हा उदेलाल पटले आधी हसला. गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारात पहिली किंमत ऐकून हसायचंच असतं, नाहीतर विकणारा आपल्याला अडलेला समजतो. मग त्याने एक तीर उचलून उन्हात धरला, पात्याच्या धारेवरून अंगठा फिरवला, शेपटाचं मोराचं पीस फुंकून पाहिलं आणि पुन्हा विचारलं. मुन्नालालने तीच किंमत सांगितली. रुपयाला एक तीर.

"मागच्या साली रुपयाले पाच नेलो होतो मी," उदेलाल म्हणाला.

"पिछले साल का लोहा ला दो पटलेजी, पिछले साल का भाव लगा दूंगा," मुन्नालाल म्हणाला आणि भाता ओढू लागला.

त्याचं रडगाणं खोटं नव्हतं. बैलबंडीच्या चाकाची झिजलेली लोखंडी धाव लोक पूर्वी त्याच्या भट्टीपाशी आणून टाकत. आता भंगारवाले गावोगाव हिंडून तीच धाव रोख पैशाने उचलत आणि गोंदियाला मालगाडीत भरत. काडीत पातं पक्कं करायची लाख व्यापाऱ्यांनी झाडावर असतानाच बोलून ठेवलेली. आणि मालगुजारी जाऊन जंगल सरकारचं झाल्यापासून बांबूच्या काडीलाही पास लागू लागला होता. मोर तेवढा अजून पीस फुकट टाकतो, असं मुन्नालाल म्हणाला आणि स्वतःच हसला.

उदेलालच्या मागे बकाराम मडावी उभा होता. खांद्याला त्याचा बांबूचा कमठा, सालीची दोरी उतरवून ठेवलेली. बकाराम उदेलालचा राखण्या. आंबेटोल्याचं उदेलालचं तीन एकर धान नागझिऱ्याच्या जंगलाला खेटून होतं, आणि दाणा भरला की रानडुकरांना त्याचा वास मालकाच्या आधी लागे. बंदूक म्हणावी तर पंचक्रोशीत एकच, जुन्या मालगुजाराच्या भिंतीवर टांगलेली, आणि तिला काडतूस नव्हतं. तेव्हा डुकरांना तिरकमठ्याशिवाय इलाज नव्हता.

तिकडची रीत अशी, की कमठा राखण्याचा आणि तीर मालकाचे. मालकाने दिवाळीच्या सुमाराला वीस-पंचवीस तीर द्यायचे आणि विसरून जायचं. चिखलात रुतले, दगडावर मोडले, डुकराच्या अंगात गेले, कोणी विचारत नसे. दोन-चार आण्याला तीर मिळत होता तोवर मालक लोकांचं मन मोठं होतं.

बकारामने निदान बारा तरी घ्या म्हणून सांगून पाहिलं. "चार आन्याची कोंबडी न् बारा आन्याचा मसाला कायले?" उदेलाल म्हणाला, आणि त्याने सहा तीर घेतले. पैसे देताना त्याने प्रत्येक रुपया बोटांनी चोळून पाहिला, दोन चिकटून जाऊ नयेत म्हणून. सहा तीर त्याने स्वतःच्या पंच्यात गुंडाळले आणि गावापर्यंत स्वतःच्याच काखेत धरून आणले. एरवी ओझं बकाराम घेई.

वाटेत अर्ध्या कोसावर त्याने अट सांगितली. रोज सकाळी बांधावर सहाही तीर दाखवायचे. जो नसेल त्याची एक पायली धान मजुरीतून कापली जाईल. आणि तीन गेले, तर राखणच दुसऱ्याला. बकारामची हंगामाची मजुरी वीस पायल्या होती.

बकारामने विचारलं, "डुकराच्या आंगात गेला त?"

"त आनाचा. आंगात गेला म्हनजे हारपला नाई ना गा."

बकारामच्या बापाने त्याला कमठा हातात देताना एकच गोष्ट शिकवली होती: डुकराच्या अंगात गेलेला तीर डुकराचा. त्याच्या मागे दिवस माथ्यावर येईपर्यंत जायचं नाही, आणि गेलं तरी कुत्री पुढे घालून जायचं, एकट्याने नाही. हे त्याने उदेलालला सांगितलं. उदेलालने ऐकून घेतलं आणि म्हणाला की ठीक आहे, कुत्री घेऊन जात जा.

उदेलाल वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. मागल्या वर्षी डुकरांनी त्याचं अर्ध्याहून जास्त धान लोळवलं होतं, आणि उरलेलं त्याने बायकोसोबत चिखलातून लोंबी लोंबी वेचून काढलं होतं. तो धाक त्याच्या पोटात बसला होता. धाक बसलेला माणूस शेत राखायचं सोडून तीर राखायला लागतो, एवढंच त्याचं चुकलं.

बकारामने घरी आल्यावर कमठा वळचणीच्या खुंटीला टांगला. रुख्मा चुलीपाशी होती. तिने वाकून, कमठ्याला पदर लागणार नाही अशी बाजूने जागा करून दिली. बाईमाणसाने तिरकमठ्याला हात लावायचा नाही, त्याच्यावरून ओलांडायचं नाही, हा त्या घरातला कडक नेम होता. लावला तर तीर आंधळा होतो, असं बकाराम मानत असे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाडू मारताना तिच्या हाताने एक तीर सरकवला गेला होता. तेव्हा बकारामने तो तीर चुलीत घातला आणि दोन दिवस तिच्या हातचं जेवला नव्हता. त्याला एकवीस वर्षं झाली. एकुलती लेक सालेकशाकडच्या गावात देऊन झाली. इतक्या वर्षांत रुख्माने तिराला पुन्हा बोट लावलं नव्हतं. क्वचित वाटेत तीर पडलेला दिसलाच, तर ती पळसाच्या पानांत धरून उचलायची, देवाचं काही उचलावं तसं.

बकारामने तिला अट सांगितली. ती हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाच्या कापणीला जात होती, दिवसाला आठ आणे. तिने मनात हिशेब केला असणार, कारण थोड्या वेळाने ती म्हणाली, "म्हनजे दोन दिवस वाकलो का एक तीर होते."

"हाव," बकाराम म्हणाला.

"मंग जपून मारा, जी."

जपून मारणं म्हणजे काय, हे ज्याने कधी मचाणावर बसून डुक्कर पाहिलेलं नाही त्याला कळायचं नाही. डुकरांचा कळप दिवस बुडता बुडता नाल्याकडून वर येतो. आधी नुसतं गवत हलतं. मग मादी बाहेर येते, थांबते, हवेत नाक धरते. तेवढ्यात तिच्या पुढ्यात एक तीर जमिनीत घुसला पाहिजे. तो मारण्यासाठी नसतो, भिववण्यासाठी असतो. दोन-तीन दिवस असे तीर गेले की कळप दुसऱ्याच्या शेताची वाट धरतो. बकारामने आजवर शेतं राखली होती ती या फुकट घालवलेल्या तिरांवर.

आता त्याच्याजवळ फुकट घालवायला काही नव्हतं. पहिल्या दिवशी तो ओरडला. दुसऱ्या दिवशी त्याने रॉकेलचा रिकामा डबा बडवला. चौथ्या दिवशी डुकरांना डब्याची सवय झाली. पिल्लं तर डब्याच्या आवाजात धान खाऊ लागली. पाचव्या दिवशी त्याने नाइलाजाने एक तीर सोडला. तो मादीच्या पाठीवरून गेला आणि नाल्याच्या गाळात पडला. सकाळी बकाराम कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून पायाने गाळ चाचपत राहिला. दिवस वर आला, पायांच्या बोटांतून रक्त येऊ लागलं, तीर सापडला नाही.

उदेलाल रोज कडुलिंबाची काडी चावत बांधावर येई. बकाराम तीर ओळीने मांडून ठेवी आणि उदेलाल पायाच्या अंगठ्याने एकेकाला स्पर्श करत मोजी. पाचवर अंगठा थांबला. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "एक पायली." मग शेतात उतरून त्याने तुडवलेलं धान पाहिलं आणि तोंडातली काडी थुंकून विचारलं, की तीर आहेत तर मारत काऊन नाई?

मारलं तर तीर जातो, न मारलं तर धान. दोन्हीकडून शिव्या खायच्या त्या बकारामनेच. हे त्याने उदेलालला सांगितलं नाही, घरी रुख्माला सांगितलं. ती म्हणाली की पेज पिऊन घ्या, निवून जाऊन राहिली.

दुसरा तीर बांधावरच्या दगडावर गेला आणि पातं मधोमध मोडलं. मुन्नालालचं लोखंड भंगारातलं उरलंसुरलं, त्यात जीव नव्हता. बकारामने दोन्ही तुकडे आणि काडी जपून आणली. तुकडे हातात आहेत म्हणजे तीर हरवला नाही, असं त्याचं म्हणणं. उदेलालने तुकडे हातात घेतले, जुळवून पाहिले आणि परत दिले. दुसरी पायली गेली. उदेलालची बायको रामकली त्या वेळी शेण घेऊन बांधावरून चालली होती. ती थांबली आणि नवऱ्याकडे पाहत राहिली. काहीतरी बोलावंसं तिला वाटलं असावं, पण गड्यादेखत नवऱ्याला टोकायची त्यांच्या पवार समाजात पद्धत नव्हती. ती पुढे निघून गेली.

चार तीर उरले होते. बकारामला झोप लागेनाशी झाली. दिवसा घरी पडला तरी तो हाताने अंथरुणाशेजारी चाचपून पाही. धान आता पिवळं पडत होतं, पण भारी वाणाचं, कापणीला अजून बारा-पंधरा दिवस होते. खालच्या दोन बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांत, डुकरांनी धान आडवं करून मोठमोठी चकलं पाडली होती. बकाराम दुबळा झाला, हे टोल्यावर, त्या छोट्या वस्तीत, लोक बोलू लागले. हा मडाव्यांचा बका, एका तिरात उडतं तितर पाडणारा, आता डबे बडवतो. हे त्याच्या कानावर आलं आणि ते त्याला पायलीपेक्षा जास्त लागलं.

कार्तिक सरता सरता एका संध्याकाळी एकल आला. एकल म्हणजे कळप सोडून एकटा हिंडणारा नर. खांद्यावरचे केस उभे, सुळे ओठांबाहेर वळलेले. तो गवत न हलवता आला, सरळ मचाणाच्या पुढ्यातल्या बांधीत उभा राहिला आणि लोंब्या ओरपू लागला. डबा वाजवला तर त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. उजेड जात होता. बकारामला खांद्यामागची जागा दिसत होती. तिथे बसला तर डुक्कर शंभर पावलांत कोसळतं, आणि तीरही मिळतो. त्याने कमठा ताणला आणि कधी नव्हे तो त्याचा हात थरथरला. नजर डुकरावर हवी, ती तिरावर होती. तीर सुटला, फासळ्यांच्या खूप मागे, पोटात बसला. एकल ओरडलासुद्धा नाही. तीर अंगात घेऊन तो नाल्याकाठच्या पळसाच्या झुडपात शिरला.

पोटात तीर बसलेला एकल लवकर मरत नाही. तो लांबही जात नाही. तो तोंड वाटेकडे करून बसून राहतो. बकारामला हे ठाऊक होतं, म्हणून तो सकाळपर्यंत मचाणावरून उतरला नाही.

सकाळी बांधावर तीनच तीर होते. उदेलालने अंगठा फिरवला आणि तो तिथेच उभा राहिला.

"सहातले तीन गेले, बकाराम."

"एक डुकराच्या आंगात हाय, मालक. दुपारी गुरं चारनाऱ्या दुलीचंदचे कुत्रे घेऊन जातो. आता जाता येत नाई."

"आन. संध्याकारपर्यंत आन. नाई आनलास त मी दुसरा मानूस पाहातो."

"आमचा बुडगा बाप सांगे, डुकराच्या आंगातला तीर..."

"तुज्या बुडग्याच्या वेरी तीर दोन आन्याले भेटे," उदेलाल म्हणाला.

तो हे रागाने म्हणाला नाही. खरं तेच म्हणाला. बकारामने तिन्ही तीर गोळा केले आणि घर गाठलं.

रुख्माला त्याने सगळं सांगितलं. तीर पोटात बसला हेही सांगितलं, आणि हात थरथरला हेही. इतक्या वर्षांत त्याने तिला असं काही सांगितलं नव्हतं. दुपारी दुलीचंदला घेऊन जाईन, तू हाक मार, असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून निजला आणि बऱ्याच दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. ती झोप पुढे त्याला आयुष्यभर सलत राहिली.

रुख्मा त्या दिवशी कापणीला गेली नाही. शेजारणीला ती म्हणाली की घरचं गवत आणते, आणि जमलं तर नाल्याच्या काठाकाठाने पाहते. पळत्या डुकराच्या अंगातून पुष्कळदा तीर गळून पडतो. झुडपात मी कायले जाऊ, असंही ती म्हणाली. विळा आणि दोरी घेऊन ती निघाली तेव्हा पानांवर दव होतं. तिच्या मनात काय असेल ते सांगायला आता कोणी नाही. पण दुपारी नवरा त्या झुडपात शिरणार आणि तीर दिसला की सगळं विसरून पुढे जाणार, हे तिला दिसत असणार. थरथरणाऱ्या हाताचा माणूस तिने पहिल्यांदा पाहिला होता. त्याआधी तीर मिळाला तर बरं.

दिवस माथ्यावर यायच्या आधी दुलीचंद गायकी धावत टोल्यावर आला. त्याच्या डोक्याला फडकं नव्हतं. गुरं बुजून परत फिरली म्हणून तो पाहायला गेला होता. बकाराम उठून बसला, दुलीचंदच्या तोंडाकडे पाहिलं, शेजारी रिकाम्या चुलीकडे पाहिलं, आणि पायात काही न घालता पळत सुटला.

तीर उघड्यावर होता. नाल्याकाठच्या दाबल्या गेलेल्या गवतात, चांगला पायवाटेपासून हातभर, पात्यावर वाळलेलं रक्त, पीस दवाने चिकटलेलं. कोणीही वाकून उचलला असता आणि घरी गेला असता. रुख्मा तिथून दहा पावलं आत, पळसाच्या झुडपाखाली पडली होती. विळा बाहेर गवताच्या पेंढीवरच राहिलेला. मांडी वरपासून गुडघ्यापर्यंत फाटली होती आणि खालची माती ओली झाली होती. उजव्या मुठीत पळसाची तीन पानं होती, नुकती तोडलेली, देठातून पाणी येणारी. एकल तिथून उठून गेला होता.

उदेलाल शेतातून आला, त्याने तीर पाहिला, बाई पाहिली. तीर बाहेर आहे तर ही आत कशाला शिरली, असं त्याने विचारलं. दुलीचंदने सांगितलं, "बाईनं तिराले हात लावाचा नाई, मालक. म्हनून पाने तोडाले गेली."

रुख्मा जिवंत होती. रामकलीने घरातून धावत येऊन आपलं नेसायचं धडकं लुगडं फाडलं आणि मांडी बांधली. उदेलालने स्वतः बंडी जुंपली. सगळे तिला उचलत असताना तो खाली वाकला, गवतातला तीर उचलला, धोतराला पुसला आणि बंडीच्या बाजूला खोचला. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. इतरांच्या आलं, पण ती वेळ बोलायची नव्हती.

गोंदिया लांब. उदेलालने बैलांना कधी नव्हे ते आर टोचली. बकाराम मागे बसला होता, तिचं डोकं मांडीवर घेऊन. लुगडं दोनदा भिजलं, तेव्हा त्याने स्वतःचा पंचा बांधला, मग तोही भिजला. चाकं दगडावरून गेली की ती डोळे उघडी. एकदा तिने पाणी मागितलं. एकदा लेकीचं नाव घेतलं. मग तिला बंडीच्या बाजूला खोचलेला तीर दिसला आणि ती घाबरली. तिने बकारामचा हात धरला.

"हात नाई लावली मी, जी," ती म्हणाली. "तिराले हात नाई लावली."

बकाराम म्हणाला, "लाव वो. लाव ना." त्याने तो तीर उपसून तिच्या हाताशी धरला, पण तिने बोटं मिटून घेतली. गोंदियाच्या गिरण्यांची धुराडी दिसू लागली तेव्हा तिचा श्वास थांबला होता. उदेलालला ते कळलं नाही, तो बैलांना हाकत राहिला. दवाखान्याच्या दारात बंडी थांबवून त्याने मागे पाहिलं तेव्हा बकारामने नुसती मान हलवली. त्यांनी बंडी वळवली.

टोल्यावरच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी तिला पुरलं. उदेलालने नवं लुगडं आणि पाच पायल्या धान पाठवलं. धान बकारामच्या अंगणात तसंच राहिलं, कोंबड्यांनी खाल्लं. रामकलीने दोन दिवस नवऱ्याला ताट वाढलं, पण ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट ठेवता ठेवता ती म्हणाली, "पायलीभर धान मी माज्या कोठीतून देली असती. मले काऊन नाई सांगतला?" उदेलाल खरकट्या हाताने बसून राहिला.

शेत तीन दिवस उघडं होतं. खालच्या दोन्ही बांध्या संपल्या. उदेलाल राखण्या शोधत चार गावं फिरला. गोष्ट त्याच्या आधी पोचलेली असे. लोक त्याला बसायला देत, पाणी देत, आणि कमठा मोडला आहे म्हणून सांगत.

चौथ्या दिवशी दिवस कलताना बकाराम आपणहून बांधावर आला. खांद्याला कमठा, दोरी चढवलेली. डोळे खोल गेले होते. उदेलालला इतकं बरं वाटलं की त्याला स्वतःचीच लाज वाटली. बकारामने पुरण्याच्या दिवशीच परत पाठवलेले चारही तीर त्याने घरातून आणले आणि न मोजता बकारामपुढे ठेवले. वीसच्या वीस पायल्या देईन, म्हणाला. बकारामने तीर घेतले आणि तो मचाणावर चढला. उदेलालला घरी जाववेना. तोही मागून चढला आणि त्याच्या शेजारी पाय खाली सोडून बसला.

दिवस बुडाला. पश्चिमेला थोडा उजेड होता. नाल्याकडचं गवत हललं. मादी बाहेर आली, थांबली, नाक वर केलं. तिच्यामागे आणखी चार, मग पिल्लं, मग आणखी. इतका मोठा कळप उदेलालने कधी पाहिला नव्हता. तो सरळ वरच्या बांधीत आला, जिथलं धान अजून शाबूत होतं, आणि लोंब्या तुटण्याचा आवाज सुरू झाला.

"मार गा," उदेलाल कुजबुजला.

बकारामने कमठा मांडीवर आडवा ठेवला होता. त्याने तो उचलला नाही.

"बकाराम. मार ना."

"मारलो त तीर जाते, मालक," बकाराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"जाऊ दे. गेला त गेला. मी नाई मांगत. सप्पाई, चारही जाऊ दे."

बकाराम समोर पाहत राहिला. खाली पिल्लं एकमेकांना ढकलून खात होती. एक बांधी बघता बघता आडवी झाली. उदेलालने आधी विनवलं, मग शिवी दिली, मग त्याच्या दंडाला धरून हलवलं. बकारामचा दंड लाकडासारखा होता. शेवटी उदेलालने त्याच्या मांडीवरचा कमठा ओढून घेतला. बकारामने तो घेऊ दिला.

उदेलालने आयुष्यात कमठा ताणला नव्हता. दोरी चार बोटं मागे आली आणि तिथेच अडली. त्याने दात खाल्ले, कोपर वर केलं, पाठ ताठ केली. दोरी बोटांना कापत होती. मग हाताला झटका बसला, तीर दोरीवरून निसटला आणि मचाणाच्या खांबाला लागून सरळ खाली पडला. मादीने मान वर करून पाहिलं. तिने दोन पावलं पुढे येऊन तीर हुंगला आणि तिथलंच धान खाऊ लागली.

बकाराम म्हणाला, "उतरा, मालक. तीर तुमचा हाय."

मचाणाच्या खाली, हात सोडला तर लागेल इतक्या जवळ, डुकरं श्वास घेत होती. झुडपाच्या बाजूने आणखी एक काहीतरी जड, एकटं, हळूहळू येत होतं. उदेलालने खाली सोडलेले दोन्ही पाय वर ओढून घेतले.